खुर्चीला खिळवण्याआधी ती खुर्ची एकदा बघा : कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि व्यवस्थापनाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे मान, पाठ, खांदा व मनगटाचे आजार आणि जागा न सोडण्याबाबतचे परिपत्रक

महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या विभागात दोन कागद आले. पहिला म्हणजे आमच्या प्रस्तावाचं उत्तर. परीक्षा, पात्रता आणि लेखा या तीन विभागांना उंची कमी-जास्त करता येणाऱ्या खुर्च्या, पायाखाली ठेवायचे पाट आणि मॉनिटरचे स्टँड मिळावेत, एवढाच तो प्रस्ताव होता. अधीक्षकांच्या सहीने गेला, टेबलं फिरला आणि 'निधीअभावी सदर प्रस्ताव तूर्त नस्तीबद्ध करण्यात येत आहे' असा शेरा घेऊन परत आला. दुसरा कागद म्हणजे परिपत्रक. भोजनाची सुट्टी सोडून कुणी जागा सोडायची नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जागेवर नसाल तर हालचाल नोंदवहीत कारणासह नोंद करायची. विभागप्रमुखांनी ती वही दर आठवड्याला प्रशासनाकडे पाठवायची.

पहिला कागद एकटा आला असता तर आम्ही नेहमीसारखे गप्प बसलो असतो. दुसरा एकटा आला असता तर चार दिवस कुरकुरलो असतो आणि विसरून गेलो असतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की अर्थ उघड होतो. खुर्ची तीच राहणार, फक्त तिच्यावरून उठायचं नाही.

विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. कोल्हापूर परिसरात विद्यापीठं आता एकाहून अधिक आहेत, आणि पुढे जे लिहिणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं आहे. कुणाची बदनामी करायची नाही. पत्र आपल्याला आहे हे आपल्याला कळेलच.

मी परीक्षा विभागात वरिष्ठ सहायक आहे. हाताने लेजर भरण्याच्या काळात नोकरीला लागले, आता सगळं पडद्यावर आहे. माझ्या उजव्या हाताला कार्पल टनेल सिंड्रोम आहे. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, आणि एक मज्जातंतू जातो. कंडरांभोवती सूज आली की त्या दाटीत मज्जातंतू दबतो, कारण बोगदा काही रुंद होत नाही. मग अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, विशेषतः रात्री. झोपेतून उठून हात झटकत बसावं लागतं. पुढे पकड जाते. चहाचा कप हातातून कधी सुटेल याचा भरवसा राहत नाही.

या आजाराची कारणं बरीच आहेत. मधुमेह असतो, थायरॉइड असतं, गरोदरपण असतं. माझ्या डॉक्टरांनी लागू असलेल्या तपासण्या आधी करून घेतल्या, त्या ठीक आल्या, आणि मग विचारलं, "काम काय करता?" मी सांगायला लागले. माउस. कीबोर्ड. स्टेपलर. शिक्का, दिवसाला शेकड्यांनी. नंबरिंग मशीन, जे प्रत्येक वेळी तळहाताच्या खालच्या भागाने दाबावं लागतं. दाभणाने भोक पाडून सुतळी ओढून गठ्ठा आवळणं. डॉक्टर म्हणाले, पुरे. नुसत्या कीबोर्डने हा आजार होतो का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही हेही त्यांनीच सांगितलं. पण मनगट वाकवून, जोर लावून, तीच ती हालचाल दिवसभर केली तर धोका वाढतो, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. आमच्या विभागातली निम्मी कामं याच वर्णनाची आहेत.

एकट्या माझ्या मनगटासाठी मी आपला वेळ घेतला नसता. माझ्या डाव्या बाजूला बसणाऱ्या बाईंना मान वळवता येत नाही, कुणी हाक मारली तर त्या खुर्चीसकट वळतात. समोरचे सहायक अधीक्षक कंबरेला पट्टा बांधून येतात आणि निकालाच्या दिवसांत जमिनीवर झोपतात. उत्तरपत्रिकांच्या खोलीतल्या सेवकांपैकी एकाची पाठ गेल्या उन्हाळ्यात अशी धरली की त्यांना दोघांनी धरून रिक्षात बसवावं लागलं. आणि ठोक मानधनावर काम करणारी एक मुलगी, जिचं अजून लग्नही झालेलं नाही, ती खांद्याच्या दुखण्यावर रोज गोळी घेऊन कामाला बसते. वय झालं की दुखतंच, असं आम्हाला वरून सांगितलं जातं, तेव्हा मला तिची आठवण होते. तिचं कुठलं वय झालं?

हे दुखणं नवं नाही आणि आमची तक्रारही नवी नाही. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७१३ साली कारकून आणि लेखनिकांच्या आजारांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्याने तीन कारणं दिली : सतत बसून राहणं, हाताची एकाच प्रकारची न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशेहून अधिक वर्षं झाली. दौत-टाक गेले, ही तीन कारणं आमच्या विभागात आजही जशीच्या तशी आहेत. तिसऱ्या कारणाबद्दल तर काय बोलावं! एका विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत एक आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी असते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत, २०१० साली सुधारलेल्या यादीत, स्नायू आणि सांध्यांच्या आजारांचा स्वतंत्र गट आहे. माझा कार्पल टनेल त्यात नावानिशी आहे. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कंडरांची सूज आहे, कोपराचं दुखणं आहे. जगात सुमारे १७१ कोटी लोकांना स्नायू-हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि माणसाला कामावरून उठवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखी सगळ्यात पुढे आहे. त्यातली सगळीच कामामुळे होत नाहीत, हे मान्य. पण जी होतात ती टाळता येतात. या पत्राचं म्हणणं तेवढंच आहे. आमचं दुखणं आमच्या शरीराच्या कमकुवतपणातून आलेलं नाही. मेज, खुर्ची, कामाची मांडणी आणि माणसांची कमतरता यातून ते तयार होतं. त्यामुळे त्याचा इलाज एकट्या दवाखान्यात होणार नाही, प्रशासनाच्या टेबलावर व्हायला हवा.

आता तक्रारी. आधी खुर्ची.

आमच्या विभागातल्या खुर्च्या कमीत कमी दराच्या निविदेतून आल्या आहेत. विनिर्देशात 'फिरती, हायड्रॉलिक, हातांसह' असे शब्द होते आणि खुर्च्या कागदावर तशाच आहेत. प्रत्यक्षात वर्षभरात निम्म्या खुर्च्यांचा गॅस गेला. तुम्ही उंच करून बसता आणि बोलता-बोलता खाली जाता. काही जणांनी खालच्या दांड्याला प्लॅस्टिक पाइपचा तुकडा कापून अडकवला आहे, म्हणजे ती खाली तरी येऊ नये. पाठीचा फुगवटा कंबरेच्या खळग्यात यायला हवा, तो येतो माझ्या फऱ्यांमध्ये, कारण तो वर-खाली होत नाही. खुर्चीचे हात एवढे उंच की मेजाखाली जात नाहीत. मग माणूस मेजापासून हातभर लांब राहतो आणि माउस गाठायला पुढे वाकतो. वाकला की पाठ टेक सोडते. दिवसभर तीच स्थिती. ती खुर्ची विकत घेणाऱ्यांपैकी कुणीही तिच्यावर एक पूर्ण दिवस बसून पाहिलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते.

मग मेज. जुनी सागवानी मेजं आहेत, मजबूत आहेत, पुढची पन्नास वर्षं टिकतील. ती लिहिण्यासाठी केलेली आहेत. साधारण अडीच फूट उंची, वर काच, आणि मधोमध खण. त्या उंचीवर कीबोर्ड ठेवला की माझ्यासारख्या पाच फुटांच्या बाईचे खांदे दिवसभर उचललेले राहतात. खुर्ची उंच करावी तर पाय लोंबकळतात आणि सीटची कड मांडीच्या मागे रुतते. खाली करावी तर कोपरं मेजाच्या खाली जातात. म्हणून आम्ही पायाखाली ठेवायला पाट मागितला होता. आत्ता त्या जागी जुन्या उत्तरपत्रिकांचे रद्दीतले गठ्ठे आहेत, आणि ज्यांना तेही मिळाले नाहीत त्यांनी पाय सीपीयूवर ठेवले आहेत. पाय ठेवायच्या जागेत सीपीयू आहे, हेही त्या निमित्ताने सांगून टाकते.

मॉनिटर मेजाच्या कोपऱ्यात असतो, कारण मधली जागा फायलींची. म्हणजे धड एकीकडे, मान दुसरीकडे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, पडदा हातभर अंतरावर आणि बरोबर समोर असावा, कोपरं काटकोनाच्या आसपास राहावीत, तळपाय पूर्ण टेकावेत. हे नियम कुठलाही फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत फुकट सांगतो. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते खांद्यावर सरळ असलं की मानेच्या स्नायूंना फारसं कळत नाही. पुढे झुकलं की तोच भार कित्येक पटींनी वाढतो. आमचे मॉनिटर खाली आहेत, म्हणून आम्ही झुकतो. चार फळ्यांचा एक स्टँड, एवढंच त्यावर औषध आहे.

खिडकीवरच्या सहकाऱ्यांचं वेगळंच. विद्यार्थी एका बाजूला काचेपलीकडे, संगणक दुसऱ्या बाजूला, आणि काचेतलं भोक छातीच्या उंचीवर. विद्यार्थी वाकून बोलतो, हे वाकून ऐकतात. प्रवेशाच्या दिवसांत गडहिंग्लज, आजरा, चंदगडहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या पोरांची रांग फाटकापर्यंत असते. त्या पोरांना 'जरा थांबा, मान मोकळी करून येतो' असं म्हणायची लाज वाटते, आणि खरं तर म्हणूही नये. तिथे दुसरा माणूस हवा. तो नाही.

गठ्ठ्यांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण या विषयावर बोलताना सगळे संगणकावर बसणाऱ्यांबद्दलच बोलतात आणि सेवक मंडळी राहून जातात. परीक्षा केंद्रांवरून उत्तरपत्रिकांची पोती येतात. ती टेम्पोतून उतरवायची, जिन्याने चढवायची, मांडणीवर लावायची, मग स्कॅनिंगला काढायची, परत ठेवायची. लिफ्ट आहे, पण ती 'फक्त अधिकारी व अभ्यागत' यांच्यासाठी आहे. मांडणीचे सगळ्यात वरचे कप्पे डोक्याच्या वर आणि सगळ्यात खालचे जमिनीलगत. ओझं उचलण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट जागा याच दोन. खाली वाकून, कंबरेतून वळून, लांब हाताने वजन उचललं की पाठ जाते. हे उद्यमनगरातल्या कारखान्यांतल्या कुठल्याही हेल्परला माहीत आहे. जड माल गुडघा ते खांदा या पट्ट्यात ठेवावा, एवढी साधी मांडणी आपल्या गोदामात नाही. पोत्यावर वजन लिहिलेलं नसतं. ढकलगाडी एक आहे, तिचं एक चाक नाही.

माणसांची कमतरता हा मुद्दा मी खुर्चीच्या खाली टाकला, पण महत्त्वाने तो वरचा आहे. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. चौघांचं काम दोघांवर येतं, आणि दोघांतला एक ठोक मानधनावरचा, ज्याला दुखणं सांगायचीही भीती, कारण अकरा महिन्यांनी आदेश नवा निघायचा असतो. काम वाढलं की माणूस सगळ्यात आधी विश्रांती कापतो. पाणी प्यायला उठत नाही. बायका तर पाणीच कमी पितात, म्हणजे उठावं लागू नये. त्याचे जे दुसरे आजार होतात त्यांची यादी इथे देत नाही. ताठ धरून ठेवलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, आणि कामाचा धाक असला की आपण शरीर आपोआप ताठ धरतो. म्हणून एकाच प्रकारच्या खुर्चीवर बसणाऱ्या दोघांपैकी, ज्याच्यावर तारखेची टांगती तलवार आहे त्याची मान आधी दुखते.

त्यात वेळ वाढली. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा झाला आणि त्याबदल्यात रोजच्या कामाची वेळ पाऊण तासाने वाढली. आपल्याकडेही पुढे त्याच धर्तीवर वेळ वाढली. शनिवार मात्र परीक्षा विभागाला क्वचितच मिळतो. निकालाच्या हंगामात तर नाहीच. म्हणजे पाऊण तास दिला आणि शनिवारही दिला. त्याबद्दल आजवर कुणी आवाज केलेला नाही, निकाल वेळेत लागावेत असं आम्हालाही वाटतं.

आणि आता हे परिपत्रक. ज्या एका गोष्टीला पैसा लागत नाही, जी प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा सांगतो, ती म्हणजे अधूनमधून उठा. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं उभं राहा, चार पावलं चाला, खांदे फिरवा. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यांचं पोषण आजूबाजूने झिरपून होतं. स्नायूंना तर हालचाल हवीच. परिपत्रकात दहा मिनिटांची सूट आहे, हे मला दिसतं. पण नोंदवही टेबलावर आली की दोन मिनिटं उठणाराही चोरासारखा उठतो, आणि विभागप्रमुख कागदावर आपली बाजू भक्कम राहावी म्हणून दहाची पाच करतात. आमच्याकडे तसं झालंही आहे.

हे ज्या गावात घडतं आहे ते कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान बांधलं, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला विचारा, तो पठ्ठ्याला दिवसभर एकच मेहनत करायला लावत नाही. जोर झाले की बैठका, मग माती उकरणं, मग लढत, मग मालिश आणि आराम. वस्तादाला जे कळतं ते प्रशासनाला कळू नये? एकाच कोनात आठ तास धरलेला खांदा ही मेहनत नाही, ती झीज आहे. (तालमीवरून आठवलं, कंबर दुखते म्हटलं की इथे निम्मे लोक 'रंकाळ्याला फिरायला जा' म्हणतात आणि उरलेले एखाद्या हाडवैद्याचा पत्ता देतात. सल्ल्यामागची आपुलकी खरी असते. पण मुंग्या येणाऱ्या हाताला ओढाताण करून घेणाऱ्या सहकाऱ्यांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवते.)

तुमच्या बाजूने येणारी उत्तरं मला ठाऊक आहेत. बैठकांत ती ऐकली आहेत.

'मोबाइल बघून माना दुखतात.' दुखतात, नाकारत नाही. पण मोबाइल खाली ठेवता येतो. मार्कांची नोंद आज संपवायची असते.

'खड्ड्यांतून दुचाकी चालवता, त्याने कंबर जाते.' तेही खरं. मग आधीच हादरे खाऊन आलेल्या कंबरेला कार्यालयात तरी टेक द्या.

'बायकांना घरचं काम असतं, त्याचं दुखणं इथलं म्हणून सांगतात.' हे वाक्य ऐकून मी काही बोलले नव्हते, आज बोलते. घरी भाकरी थापणारं मनगट आणि कार्यालयात शिक्का मारणारं मनगट एकच आहे. घरचं काम आहे म्हणून त्याला कार्यालयात जास्त जपलं पाहिजे, की दुर्लक्ष केलं पाहिजे?

'आपण २१ जूनला योगदिन करतो.' करतो. सभागृहात सतरंज्या अंथरतात, फोटो काढतात, अल्पोपाहार असतो. दुसऱ्या दिवशी बावीस जून असते आणि खुर्ची तीच असते.

'कायद्यात कुठे लिहिलंय?' याला जरा सविस्तर उत्तर देते. २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने ज्याची जागा घेतली त्या कारखाना अधिनियम, १९४८ चं कलम ४४ म्हणत होतं की ज्या कामगारांना उभं राहून काम करावं लागतं, त्यांच्यासाठी बसण्याची सोय असली पाहिजे. तो कायदा कारखान्यांचा होता, आम्हाला लागू नव्हता. पण त्यामागचा विचार बघा : माणसाला एकाच स्थितीत दिवसभर ठेवू नये. १९४८ साली पडदे नव्हते, म्हणून उभ्या माणसाचा विचार झाला. युरोपात १९९० साली पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी वेगळा निर्देश निघाला. प्रत्येकाच्या मेज-खुर्ची-पडद्याच्या मांडणीची तपासणी मालकाने करायची, कामात मध्ये मध्ये विराम किंवा कामाचा बदल द्यायचा, हे त्यात बंधनकारक आहे. ब्रिटनने १९९२ मध्ये तसेच नियम केले. आपल्याकडे पडद्यासमोर बसणाऱ्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाच्या न्याय्य आणि मानवी परिस्थितीसाठी शासनाने तरतूद करावी असं म्हटलेलं आहे. विद्यापीठात ते शिकवलंही जातं. आणि पुस्तकात असलेली गोष्ट कायद्याने भाग पाडेपर्यंत करायची नाही, असा नियम निदान विद्यापीठाने तरी करू नये.

'पैसा नाही.' हे शेवटचं आणि खरं अडचणीचं. म्हणून मी स्वतः चौकशी केली. पायाखालच्या पाटासाठी उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडे गेले. चौकोनी पाइपची फ्रेम, वर उतरता प्लायचा तुकडा, त्याला रबराची चटई. पाच मिनिटांत त्याने कागदावर काढून दाखवलं आणि संख्या जास्त असेल तर नग पाचशे रुपयांच्या आत देतो म्हणाला. मॉनिटरचे स्टँड आपल्या सुताराकडून जुन्या बाकांच्या फळ्यांतून होतील. मोडक्या बाकांचा ढीग मागच्या शेडमध्ये पडून आहे. सीपीयू मेजाच्या बाजूला सरकवायला केबल थोडी लांब लागेल. शिक्क्यांचं निम्मं काम छापील क्यूआर कोडने जाईल, ती सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच आहे, फक्त चालू केलेली नाही. नव्या खुर्च्यांना मात्र पैसा लागेल, आणि तो लागायला हवा. एका माणसाच्या महिन्याभराच्या वैद्यकीय रजेचा पगार आणि त्या काळात रखडलेलं काम यांचा हिशेब लेखा विभागाने एकदा मांडावा. तो विभाग मांडेल, त्यांच्याही माना दुखतात.

वैद्यकीय खर्चाचं दोन ओळींत सांगते. फिजिओथेरपीची बिलं 'बाह्यरुग्ण उपचार' म्हणून परत येतात. म्हणजे लवकर उपचार करून नोकरीवर उभं राहायचं असेल तर खर्च स्वतःचा, आणि शस्त्रक्रियेपर्यंत वाट पाहिली तर विद्यापीठाचा. असा हिशेब कुणाच्याच फायद्याचा नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. जागा न सोडण्याचं परिपत्रक मागे घ्यावं. त्याऐवजी, बसून काम करणाऱ्या प्रत्येकाने अर्ध्या ते पाऊण तासाने दोन-तीन मिनिटं उठावं आणि त्याची कुठेही नोंद लागणार नाही, असं लेखी कळवावं. खिडकीवर ही दोन मिनिटं सांभाळायला बदली माणूस द्यावा.

२. दोन महिन्यांच्या आत सर्व कार्यालयीन कर्मचाऱ्यांची पाहणी करावी. यासाठी नवं काही शोधायला नको. १९८७ पासून जगभर वापरली जाणारी नॉर्डिक प्रश्नावली आहे. मान, खांदे, कोपर, मनगट व हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, मांड्या व नितंब, गुडघे, घोटे व पाय, असे शरीराचे नऊ भाग. गेल्या बारा महिन्यांत दुखलं का, गेल्या सात दिवसांत दुखलं का, त्यामुळे काम अडलं का, इतकंच विचारायचं. ती मराठीत छापावी, नाव न घेता भरून घ्यावी, आणि रोजंदारी, ठोक मानधन व कंत्राटी लोकांना वगळू नये. पाहणी प्रशासनाने नव्हे, विद्यापीठाबाहेरच्या फिजिओथेरपीच्या जाणकारांनी करावी. निकाल सर्वांसमोर ठेवावा, वाईट आला तरी.

३. पायाचे पाट आणि मॉनिटरचे स्टँड लगेच द्यावेत. खुर्च्यांची खरेदी टप्प्याटप्प्याने चालेल, परीक्षा, पात्रता व लेखा विभागापासून सुरुवात करावी. पण खरेदीआधी नमुन्याची खुर्ची प्रत्येक विभागात आठवडाभर ठेवावी. ठेंगण्या, उंच, जाड, बारीक अशा वेगवेगळ्या माणसांनी तिच्यावर काम करून मत द्यावं, आणि ते मत दराइतकंच धरावं.

४. उत्तरपत्रिकांच्या पोत्यांना वजनाची मर्यादा आणि वजनाची चिठ्ठी. दोन धड ढकलगाड्या. मालासाठी लिफ्ट खुली. मांडणीचे जमिनीलगतचे आणि डोक्यावरचे कप्पे जड गठ्ठ्यांसाठी बंद.

५. रिकाम्या जागा भराव्यात. भरेपर्यंत शिक्के, नोंदणी, स्कॅनिंग आणि खिडकी ही कामं एकाच माणसाकडे दिवसभर न ठेवता आलटून-पालटून द्यावीत. हे तर उद्यापासून करता येईल.

६. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झालेल्या फिजिओथेरपीच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळावी, आणि दुखणं असताना हलकं काम मागणाऱ्याच्या गोपनीय अहवालावर त्याचा परिणाम होऊ नये. कंत्राटी सहकाऱ्याला दुखणं सांगितल्यामुळे पुढचा आदेश नाकारला जाणार नाही, हे लेखी हवं.

यातल्या तिसऱ्या मागणीसाठी निधी नाही म्हणालात तर टप्पे पाडून चर्चा करू. परिपत्रक मागे घ्यायला आणि कामं आलटून-पालटून द्यायला निधी लागत नाही, तेव्हा तिथे ते कारण देऊ नये, ही विनंती.

संप करण्याची आमची इच्छा नाही आणि या पत्रात तशी धमकीही नाही. हिवाळी सत्राचे निकाल आम्ही लावू, नेहमीसारखे. या पत्रावर आमच्या तिन्ही विभागांतल्या सहकाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या ठरवल्या होत्या, पण मानधनावरच्यांनी सह्या केल्या असत्या तर त्यांची अडचण झाली असती आणि त्यांच्याशिवाय यादी अपुरी दिसली असती. म्हणून सही माझ्या एकटीची, मूळ प्रत आवक विभागात दिली आहे आणि तिची पोच घेतली आहे.

पंधरा दिवसांत आपण चर्चेसाठी वेळ द्यावा. आम्ही तिघं-चौघं येऊ, त्यात एक सेवक आणि एक मानधनावरची सहकारी असेल. सोबत उद्यमनगरातल्या पाटाचा नमुना आणू. बैठक शक्यतो आमच्याच विभागात, आमच्याच खुर्च्यांवर घ्यावी. दिवस कोणताही चालेल, फक्त गुरुवारी दुपारनंतर नको. तेव्हा माझी फिजिओथेरपी असते.

आपली विश्वासू,
एक वरिष्ठ सहायक,
परीक्षा विभाग, कोल्हापूर